कुंडीतील परसबाग : पद्धत आणि मर्यादा

परसबाग हा शब्द उच्चारला की सांडपाण्यावर वाढलेले अळू, न्हाणीजवळची केळ आणि कुंपणावर चढलेला दोडका डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्यांच्या घराला परसदार होते, त्यांचे हे चित्र. आपल्या माजी विद्यार्थ्यांची आणि पालकांची अनेक कुटुंबे आज शहरातील एक-दोन खोल्यांत, चाळींत, पुनर्वसन इमारतींत किंवा शासकीय निवासस्थानांत राहतात. गावी राहणाऱ्यांपैकीही पुष्कळांच्या घराला लागून मोकळी जमीन नाही. अशा घरांसाठी परसबागेचा एकच प्रकार उरतो, आणि तो म्हणजे कुंडी. तिच्याविषयी अतिशयोक्ती न करता, पण तिची शक्तीही कमी न लेखता, काही उपयुक्त माहिती एकत्र मांडावी या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

जमिनीचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला आणि १९६४ मध्ये ते आंदोलन देशव्यापी झाले. त्या मागणीची जागा कुंडी घेऊ शकत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तथापि १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील लहान धारणक्षेत्रांविषयीच्या आपल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला एक मुद्दा येथे आठवतो. धारणक्षेत्र पुरेसे आहे की अपुरे, हे केवळ त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. श्रम, भांडवल आणि अवजारे यांची त्याला कोणत्या प्रमाणात जोड मिळते, यावर ते ठरते. तो विचार शेतीच्या अर्थकारणाविषयीचा आहे, कुंडीविषयीचा नव्हे. परंतु जागेच्या आकाराइतकेच साधनांच्या प्रमाणाला महत्त्व असते, ही गोष्ट कुंडीत उघड्या डोळ्यांनी पाहता येते. एकाच मापाच्या दोन कुंड्यांपैकी एकीत मिरचीचे रोप चार महिने फळ देते आणि दुसरीत महिनाभरात पिवळे पडते. हा फरक माती, ऊन, पाणी आणि खत यांच्या प्रमाणाचा असतो.

कुंडीकडून काय अपेक्षा करावी?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या ताटात पालेभाज्यांसह सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सुचविले आहे. चार माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला ४५ किलोंहून अधिक भाजी लागते. सज्जात ठेवलेल्या दहा-पंधरा कुंड्यांतून एवढी भाजी येणे शक्य नाही. बाजार बंद होईल या अपेक्षेने जे कुंड्या आणतात, ते पहिल्याच हंगामात निराश होतात.

कुंडीचा खरा उपयोग वेगळ्या भाज्यांसाठी आहे. ज्या थोड्या लागतात पण रोज लागतात, ज्या लवकर कोमेजतात, जुडी आणली की निम्मी वाया जाते आणि ज्या खुडल्यावर पुन्हा फुटतात, अशा भाज्या कुंडीत प्रथम लावाव्यात. कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, हिरवी मिरची, मेथी, पालक, लाल माठ, तांदुळजा, आंबट चुका, मायाळू आणि लिंबू ही नावे या यादीत सहज बसतात. बटाटा, कांदा, कोबी आणि फुलकोबी ही पिके जागा फार अडवतात व एकदाच उत्पन्न देतात. ती बाजारातून आणणेच परवडते.

या यादीत पालेभाज्या अधिक असण्यामागे आणखी एक कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि ६ ते ५९ महिने वयाच्या ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाज्यांत लोह आणि फोलेट असते. मात्र वनस्पतीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. म्हणून माठाची कुंडी आणि लिंबाची कुंडी यांचा विचार आम्ही एकत्र करतो. रक्तक्षयावर उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे आणि लोहाच्या गोळ्याही चालू ठेवावयाच्या. कुंडीचे काम एवढेच, की ताटातील मूठभर हिरवा पाला महिनाअखेरीसही चुकू नये.

कुंडी आणि तिचे माप

कुंडी विकतच आणली पाहिजे असे नाही. पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा फूटभराहून अधिक खोल असतो. त्यात टोमॅटो किंवा वांग्याचे एक रोप चांगले वाढते. पत्रा गंजत असल्याने असा डबा दोन-तीन वर्षे टिकतो. जुनी बादली, फुटका माठ, फळांचे प्लॅस्टिकचे खोके, धान्याची गोणी हेही चालते. मात्र रंगाचे डबे आणि कीटकनाशकांची किंवा रसायनांची पिंपे कितीही धुतली तरी खाण्याच्या पिकासाठी वापरू नयेत.

माप मुळांच्या खोलीवरून ठरवावे. मेथी, कोथिंबीर, पालक, माठ यांना सहा ते आठ इंच खोली पुरते. त्यांच्यासाठी खोल कुंडीपेक्षा पसरट पात्र बरे. मिरची, टोमॅटो, वांगे, भेंडी यांना बारा इंचांची कुंडी द्यावी आणि एका कुंडीत एकच रोप ठेवावे. रोपे लहान असताना तीन-चार सहज मावतात, म्हणून उपटण्याचा मोह होत नाही. पुढे ती परस्परांचे अन्न खातात आणि एकही धड फळत नाही. दुधी, दोडका, कारले या वेलांना आणि फळझाडांना सोळा ते अठरा इंचांची कुंडी लागते.

येथे वजनाचा विचार आवश्यक आहे. बागेतील माती भरलेली बारा इंचांची ओली कुंडी सुमारे २० ते २५ किलोंची होते. अठरा इंचांची पाऊणशे किलोंच्या घरात जाते. जुन्या इमारतीच्या सज्जाच्या कठड्यावर किंवा बाहेर काढलेल्या लोखंडी जाळीवर अशा कुंड्या ठेवणे धोक्याचे आहे. गच्चीवर त्या तुळईच्या रेषेत किंवा भिंतीलगत ठेवाव्यात, मध्यभागी नव्हे. प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. खालून हवा खेळते, गच्ची कोरडी राहते आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

मातीचे मिश्रण

जमिनीतील माती जशीच्या तशी कुंडीत भरणे हे कुंड्या फसण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. जमिनीत पाणी खोलवर उतरत जाते. कुंडीत ते तळाशी येऊन थांबते, आणि छिद्र असले तरी तळाचा काही इंचांचा थर ओलाच राहतो. याचा एक सोपा प्रयोग मुलांना करून दाखवावा. भिजलेला स्पंज आडवा धरला की थोड्या वेळाने गळणे थांबते. तोच स्पंज उभा धरला की पुन्हा पाणी गळू लागते. पात्र जितके उथळ, तितका त्यातील ओल्या थराचा वाटा मोठा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत चिंब राहिलेली मुळे कुजतात आणि पाण्यात उभे असलेले झाडही सुकल्यासारखे मान टाकते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, आणि झाड जाते.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतून पाणी भरड थरात सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते दोन्ही थरांच्या सीमेवरच अडून राहते. म्हणजे चिंब थर नाहीसा न होता वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एक वाकडी खापरी उपडी ठेवावी; तेवढे पुरे. निचऱ्याचे काम मिश्रणाने करावयाचे असते.

सर्वसाधारण मिश्रण असे: एक भाग चाळलेली पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, गांडूळखत किंवा घरचे खत, आणि एक भाग हलका पदार्थ, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा भाताचे तूस. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी काळ्या मातीविषयी विशेष सावध असावे. ती सुपीक असली तरी ओली झाल्यावर फुगते आणि वाळल्यावर आकसून तडकते. कुंडीत तिच्या कडेने भेग पडते, घातलेले पाणी त्या भेगेतून सरळ खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. काळी माती चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये व तिच्यात भरड वाळू मिसळावी. कोकणातील जांभ्याची माती उलट स्वभावाची. तिच्यात पाणी टिकत नाही, म्हणून तिला कुजलेला पाला अधिक द्यावा.

ऊन

फळ देणाऱ्या भाज्यांना दिवसाकाठी सहा तास थेट ऊन हवे. पालेभाज्यांचे तीन-चार तासांवर भागते. याहून कमी ऊन असल्यास पुदिना, अळू आणि गवती चहा यांच्यावर समाधान मानावे. कुंड्या आणण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी सज्जात कोठे किती वाजता ऊन येते, याची तासातासाने नोंद करावी.

ही नोंद वर्षभर सारखी राहत नाही. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोन वेळा सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत हा दिवस मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो, तर हिवाळ्यात तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. म्हणून दक्षिणेकडील सज्जात हिवाळ्यात ऊन आतवर येते आणि मेमध्ये तेथे सावली पडते. पूर्वेचे सकाळचे कोवळे ऊन पालेभाज्यांना मानवते. पश्चिमेच्या सज्जात उन्हाळ्याच्या दुपारी पाने करपतात. तेथे मार्चअखेरपासून निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधावी.

सूर्यप्रकाश हेच पिकाचे मूळ भांडवल आणि पान हे ते साठविणारे साधन, हा विचार महाराष्ट्रात आग्रहाने मांडला तो कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी. ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांना स्वतः मोजण्याची आणि नोंदी ठेवण्याची सवय लावली. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांच्या आधाराने भाजीपाला पिकविला. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथील खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून फळा-भाज्यांची बाग उभी केली. कामगारांच्या जेवणातून उरलेली देठे आणि साली तेथे माती झाल्या. ज्यांच्याकडे एक वाफाही नाही त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

पाणी

पाणी किती घालावे याचे उत्तर दिनदर्शिकेत नसते. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालावे. माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोरडी लागली तर तळाच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच्या वर राहतात व पहिल्या कडक उन्हात झाड कोलमडते. हिवाळ्यात एक दिवसाआड पुरेसे होते. मेमध्ये फळावर आलेल्या टोमॅटोच्या बारा इंचांच्या कुंडीस दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागू शकते, आणि ते सकाळ-सायंकाळ विभागून द्यावे.

मातीवर वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या दोन इंच जाड पसरल्या की बाष्पीभवन बरेच घटते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते. मिठाचे किंवा साबणाचे चालत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यामुळे मातीवर पांढरा थर जमतो. अशा वेळी पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार वाहून जाऊ द्यावेत, आणि शक्य असल्यास पन्हळीचे पाणी साठवून वापरावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब गावी जाते आणि परत येईपर्यंत बाग वाळलेली असते, ही अनेकांची व्यथा आहे. चार-सहा दिवसांसाठी कुंड्या सावलीत एकत्र दाटीने ठेवाव्यात, उंचावर पाण्याची बादली ठेवावी आणि सुती कापडाच्या पिळलेल्या वातीचे एक टोक बादलीत व दुसरे मातीत खोचावे. वातीतून ओल झिरपत राहते. त्याहून अधिक दिवसांसाठी शेजाऱ्याला पर्याय नाही. परतल्यावर त्याला मिरच्यांचा वाटा द्यावा.

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी हा गंभीर विषय आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. बश्या शक्यतो वापरूच नयेत. वापरल्यास आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

कोणत्या हंगामात काय लावावे?

नवशिक्याने आरंभ ऑक्टोबरमध्ये करावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वांगी आणि वाटाणा यांचा काळ. मेथी स्वयंपाकघरातील डब्यातलीच पेरावी. २५ ते ३० दिवसांत ती काढणीस येते. धणे अखंड पेरू नयेत. हलके रगडून दोन डाळिंब्या कराव्यात व रात्रभर भिजवावेत. कोथिंबिरीस ४० दिवस धरावेत. एकाच दिवशी सर्व पेरण्यापेक्षा दर दहा दिवसांनी एक पात्र पेरले तर कापणी सलग मिळते. पालक आणि माठ मुळासकट न उपटता दोन इंच ठेवून कापावा. तो पुन्हा फुटतो.

उन्हाळ्यात कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येते, तेव्हा तिचा हट्ट सोडून तांदुळजा, लाल माठ, गवार, भेंडी आणि काकडी यांकडे वळावे. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा वाण चांगला; पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या विषाणूजन्य रोगाला तो तोंड देतो. पावसाळा हा वेलांचा काळ. दुधी, दोडका, कारले, मायाळू आणि अळू जूनमध्ये लावावेत. कोवळ्या पालेभाज्या संततधारेत कुजतात. त्यांना आडोसा द्यावा.

टोमॅटो, मिरची, वांगे यांची रोपे प्रथम लहान पात्रात करून साधारण चार आठवड्यांनी कुंडीत लावावीत. टोमॅटोचे रोप लावताना त्याची खालची पाने काढून दांडा खोल पुरावा. पुरलेल्या दांड्यालाही मुळे फुटतात. फळे साधारण दोन ते अडीच महिन्यांत मिळू लागतात.

फुले येतात, फळ धरत नाही

वरच्या मजल्यांवर राहणारे आमचे अनेक पालक ही तक्रार करतात. तिचे कारण बहुधा परागीकरणात असते. टोमॅटो, मिरची व वांगे यांच्या एकाच फुलात दोन्ही अवयव असतात. सकाळी फुलांचा घोस हलक्या टिचकीने हलविला की परागकण झडून काम होते. दुधी, दोडका, कारले व काकडी यांचे तसे नाही. त्यांच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. नर फुलाला नुसता देठ असतो. आरंभी बहुतेक नर फुलेच येतात आणि गळतात, म्हणून घाबरू नये. पुढे मादी फुले येतात तेव्हा मधमाशी नसेल तर ते काम आपण करावयाचे. ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवावेत. वेळ साधणे महत्त्वाचे आहे. कारले आणि काकडीची फुले सकाळी उमलतात, दुधी व दोडक्याची सायंकाळी. सायंकाळी उमलणाऱ्या दुधीला सकाळी पराग लावण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो.

फळझाडे

कुंडीतील फळझाड हे संयमाचे काम आहे. बीपासून केलेल्या लिंबाला फळ धरण्यास चार-पाच वर्षे किंवा अधिकही लागतात. म्हणून शासकीय किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून गुटी कलम अथवा खात्रीचे रोप आणावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ हा कागदी लिंबाचा वाण आपल्याकडे परिचित आहे. पेरूमध्ये ‘सरदार’, म्हणजेच ‘लखनौ-४९’, निवडावा. नाव लखनौचे असले तरी त्याची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथे झाली. अंजीर आणि डाळिंबही मोठ्या कुंडीत येतात. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथील ‘पीकेएम-१’ हा शेवगा मोठ्या पिंपात लावून शेंडा दर वेळी खुडत राहिल्यास झुडपासारखा राहतो. शेंगा मोजक्याच मिळतील, पण पाला भरपूर मिळतो, आणि तो पोषणदृष्ट्या शेंगांहून सरस आहे.

दर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या आरंभी फळझाड कुंडीतून काढून बाहेरच्या कडेची गुंडाळलेली मुळे दोन बोटे छाटावीत आणि नवे मिश्रण भरून पुन्हा लावावे. एवढे केले नाही तर कुंडीत माती कमी आणि मुळांचे वेटोळे अधिक अशी अवस्था होते.

खत आणि कीड

कुंडीतील अन्नांश पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून खत थोडे पण वारंवार द्यावे. बारा इंचांच्या कुंडीस दर तीन आठवड्यांनी दोन मुठी कुजलेले खत व फुलोऱ्याच्या आधी एक मूठ निंबोळी पेंड पुरते. ताजे शेण घालू नये. त्याच्या कुजण्याच्या उष्णतेने मुळे भाजतात.

घरचे खत करण्यास बाजूंना छिद्रे पाडलेली झाकणाची बादली पुरते. भाजीची देठे, फळांच्या साली, बिनदुधाची चहापत्ती हा ओला भाग एक घ्यावा. वाळलेली पाने किंवा फाडलेला पुठ्ठा हा सुका भाग दोन घ्यावा. दुर्गंधी आली तर सुका भाग कमी पडला असे समजावे. शिजलेले खारट अन्न टाकू नये. आठवड्यातून एकदा हलवत राहिल्यास अडीच-तीन महिन्यांत मातीचा वास असलेले काळसर खत तयार होते.

किडीविरुद्ध पहिले औषध म्हणजे रोज पानांची मागची बाजू पाहणे. मावा आणि पिठ्या ढेकूण थोडे असतानाच ओल्या फडक्याने पुसून काढता येतात. पसरल्यास ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी आणि किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावी. मिरचीची पाने चुरडून बोकड्या झाल्यास आणि फवाऱ्यानेही नवे शेंडे सुधारले नाहीत, तर ते रोप काढून टाकावे. एक वाचविण्याच्या आग्रहात उरलेली चार जातात. घरातील बालके ज्या झाडाची पाने तोडून तोंडात टाकतात, त्यावर रासायनिक विष फवारण्याचे काहीच कारण नाही.

आरंभ कसा करावा?

पाच पात्रांपासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो: एक पसरट पात्र मेथी-कोथिंबिरीचे, एक माठ-पालकाचे, एक मिरचीचे, एक पुदिन्याचे आणि एक मोठी कुंडी लिंबाची. एक हंगाम ही पाच सांभाळता आली तरच सहावी आणावी. शेजारी एक वही ठेवावी. पेरणीची तारीख, पहिल्या कापणीची तारीख आणि कापलेल्या भाजीचे वजन एवढ्याच नोंदी तीत असाव्यात. पाव किलो मेथीसाठी किती दिवस, किती पाणी आणि किती लक्ष लागले हे ज्या मुलाने स्वतः लिहिले आहे, तो ताटात भाजी टाकताना क्षणभर थांबतो, आणि शेतात राबणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या श्रमाचे मोलही त्याला कळू लागते.

वसतिगृहातील मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात, तेव्हा हिवाळी पेरणीचा काळ असतो. पालकांनी त्या वेळी एक कुंडी मुलाच्या नावे करावी. तो शाळेत परतल्यावर तिची निगा घरच्यांनी ठेवावी आणि फोनवर अभ्यासाबरोबर तिचीही खबर द्यावी. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती बियाण्यांविषयी आहे. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी मूळ गुणाचे निघत नाही. पण गावठी माठ, मायाळू, दोडका, दुधी, वाल यांचे बी घरी धरता येते. वेलावरचे एक चांगले फळ न तोडता पूर्ण वाळू द्यावे, बी सावलीत सुकवावे, राखेत घोळून कागदाच्या पुडीत ठेवावे आणि पुडीवर वाणाचे नाव, गाव व वर्ष लिहावे. शाळेच्या मेळाव्यास येताना अशी एक पुडी आणावी आणि दुसऱ्या गावची एक घेऊन जावी. चंद्रपूरच्या वालाला मुंबईतील एखाद्या चाळीच्या सज्जात शेंगा धरल्या, तर त्या कुटुंबाला त्याहून वेगळी भेट आम्ही देऊ शकणार नाही.